कोठारातले गेले कोठे?

सुट्टीचे दिवस सुरू झाले म्हणजे आपल्या घरांतून एक नवे रडगाणे ऐकू येऊ लागते. पूर्वी मुले भांडत ती गोट्यांवरून आणि विटीदांडूवरून. आता मुलगा संगणकापुढे किंवा मोबाइल हाती घेऊन बसलेला असतो आणि एकाएकी ओरडतो, “माझे सोने कुठे गेले? माझ्या मेंढ्या कुणी नेल्या?” माजघरातून आई विचारते, “अरे, कसले सोने नि कसल्या मेंढ्या?” वडील म्हणतात, “बंद कर ते यंत्र!” आणि मग घरात दोन दिवस अबोला.

या तक्रारीची थट्टा करू नये असे आम्हांस वाटते. सोने खोटे असले तरी ते जमविण्यात गेलेला तास खरा असतो. डॅनिएल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, मनुष्यास शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून शंभर रुपये गेल्याचे दुःख अधिक होते. अशा संशोधनासाठी कानेमन यांस २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा शंभर नाण्यांसाठी ओठ बाहेर काढणारा आपला बाळ्या काही जगावेगळा नाही. बैल हरवलेल्या शेतकऱ्याचे मन आणि त्याचे मन एकाच मातीचे आहे.

डावपेचांच्या या खेळांतून सामग्री नाहीशी होते ती बहुधा खेळ बिघडला म्हणून नव्हे. ती नाहीशी व्हावी असा नियमच असतो. कोठार कधी रिते झालेच नसते, तर आज लाकूड तोडावे की धान्य आणावे हा विचार कोणी केला असता? यास्तव पालकांनी ‘गेले म्हणून काय झाले?’ असे न म्हणता ‘गेले ते कसे गेले?’ असे विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तरात चांगल्या खेळाची आणि सावधपणे खेळावयाच्या खेळाची पारख आहे. उदाहरणांवाचून ही गोष्ट ध्यानी येणार नाही. म्हणून तीन खेळ घेऊ.

पहिला खेळ ‘एज ऑफ एम्पायर्स’ याचा दुसरा भाग. अमेरिकेतील टेक्सास प्रांतातल्या एन्सेम्बल स्टुडिओज या मंडळींनी तो १९९९ साली काढला. २०१९ साली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तो आजही खेळला जातो. त्यात अन्न, लाकूड, सोने व दगड अशी चार प्रकारची सामग्री असते. नेहमीच्या डावात आरंभी हाती २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने व २०० दगड असतात. एक गावकरी घडविण्यास ५० अन्न लागते, आणि एका मेंढीपासून १०० अन्न मिळते. हिशेब सोपा दिसतो. परंतु नवशिक्याचे अन्न चार वाटांनी निसटते.

पहिली वाट नासण्याची. मेंढी मारली की त्या क्षणापासून तिचे मांस कुजू लागते. उतावळा मुलगा एकदम तीन मेंढ्या मारतो आणि गावकरी पहिलीचे मांस वाहून नेईपर्यंत उरलेल्या दोहोंचे बरेचसे अन्न वाया जाते. जाणता खेळाडू एका वेळी एकच मेंढी मारतो आणि तिच्याभोवती पुरेसे हात लावतो. रानडुकरापासून तर ३४० अन्न मिळते. पण माणसे थोडी असली तर तेही हाती येण्याआधीच घटते.

दुसरी वाट विसराळूपणाची. गावकऱ्याच्या डोक्यावर लाकडाचा भारा आहे. तो कोठारात टाकण्यापूर्वीच धन्याने त्याला सोने खणण्यास धाडले. गावकऱ्याने सोन्यावर पहिला घाव घालताच लाकडाचा भारा नाहीसा होतो! हे लाकूड कोणी चोरले नाही. धन्याच्या घाईने ते गेले. हातचे काम पुरे होण्याआधी माणसाला दुसरीकडे पिटाळणारे मालक शेतांतही असतात आणि कचेऱ्यांतही असतात.

तिसरी वाट चोरीची. मेंढ्यांजवळ आपले माणूस नसले आणि शत्रूचा घोडेस्वार तेथे आला, तर मेंढ्या त्याच्या होतात. राखणदाराशिवाय सोडलेल्या जनावरांचे काय होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

चौथी वाट सरण्याची. शेत घालण्यास ६० लाकूड लागते आणि आरंभीच्या काळात त्यातून १७५ अन्न निघते. तेवढे निघाले की शेत ओसाड होते व पुन्हा पेरणीसाठी पुन्हा ६० लाकूड मोजावे लागते. नव्या आवृत्तीत आपोआप पेरणीची सोय आहे. परंतु कोठारात लाकूडच नसेल तर सोय काय करणार? सोन्याच्या खाणीही अशाच सरतात. एका ढिगात ८०० सोने असते, आणि ते संपले की संपले. मग बाजाराची वाट धरावी लागते; तेथे जो माल वारंवार विकावा त्याचा भाव प्रत्येक विक्रीगणिक उतरतो. आमच्या कांदेवाल्या वाचकांस येथे हसू येईल. मठातील साधूंनी पवित्र अवशेष शोधून मठात ठेवले, तर तेथून मात्र थोडेथोडे सोने अखंड येत राहते. साधूंना इतका धनलाभ होतो हे वाचून आम्हांसही मौज वाटली.

याच खेळात २०२२ साली भारतातील राजवंशांचा नवा भाग जोडला गेला. त्यातील गुर्जरांस एक विशेष सोय दिलेली आहे. त्यांनी मेंढ्या न मारता गिरणीत ठेवल्या, तर तेथून हळूहळू अन्न मिळत राहते. मारून शंभर आजच घ्यावे की राखून थोडे थोडे पुष्कळ दिवस घ्यावे, हा प्रश्न आमच्या गोठ्यांतला फार जुना प्रश्न आहे. मुलाने तो खेळातून ओळखला, तर त्याचा तो तास फुकट गेला असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरा खेळ ‘सिव्हिलायझेशन’ याचा तिसरा भाग. सिड मायर यांच्या नावाने चालत आलेल्या या मालिकेतील हा भाग फिराक्सिस या संस्थेने २००१ साली काढला. येथे लोखंड, कोळसा, तेल अशी द्रव्ये नकाशावर जागोजागी असतात. लोखंड हाती नसेल तर तलवारधारी शिपाई घडविता येत नाहीत. लोखंड व कोळसा दोन्ही नसतील तर रेल्वे टाकता येत नाही. आणि या खेळाची मेख अशी की, चालू खाण एखाद्या दिवशी काही पूर्वसूचना न देता संपते, आणि तेच द्रव्य नकाशावर दुसऱ्याच ठिकाणी, पुष्कळदा परक्याच्या राज्यात, प्रकट होते! खेळाडूंनी या नियमावर पुष्कळ बोटे मोडली आहेत, आणि त्यांचा राग अगदीच निराधार नाही. मेंढी कुजली ती घाईमुळे. पण खाण आटली ती कोणाच्या चुकीमुळे? कोणाच्याच नव्हे. पहिल्या खेळातील नुकसान सावधपणाने टळते. हे नुकसान टळत नाही. त्याची तरतूद तेवढी करता येते. आधी घडविलेले शिपाई लोखंड गेल्यावरही राहतात. म्हणून शहाणा खेळाडू एकाच खाणीवर भिस्त ठेवीत नाही, द्रव्य हाती असतानाच गरजेचे काम उरकून घेतो आणि शेजाऱ्याशी देवाणघेवाणीचे नाते राखतो. एका विहिरीच्या भरवशावर ऊस लावणारास हा धडा निराळा शिकवावा लागत नाही.

आता तिसरा खेळ, आणि खरी काळजी येथेच आहे. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा मोबाइलवरील खेळ फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथील सुपरसेल कंपनीने २०१२ साली काढला. यातही गाव वसवावयाचे असते. सोने व एलिक्सिर नावाचा रस साठवावयाचा असतो. परंतु येथे मुलगा फोन ठेवून झोपला तरी खेळ झोपत नाही. रात्री कोणी अनोळखी खेळाडू त्याच्या गावावर चाल करून येतो आणि साठ्याचा काही भाग लुटून नेतो. सकाळी उठून पाहतो तो कोठार हलके! लुटीनंतर काही काळ ढालीचे संरक्षण मिळते. पण ते कायमचे नसते. आणि रिते झालेले कोठार भरण्याचा एक सोपा मार्ग खेळातच मांडून ठेवलेला असतो: रत्ने. ती रत्ने खऱ्या रुपयांनी विकत मिळतात.

आम्ही या खेळास लबाडी म्हणत नाही. त्याचे नियम उघड आहेत, आणि एक पैसाही न देता तो खेळता येतो. खेळातही युक्ती आहे: खाणीवर न उचलता ठेवलेले सोने कोठारातल्यापेक्षा अधिक प्रमाणात लुटले जाते, आणि जो साठा बांधकामास लावून मग फोन खाली ठेवतो त्याचे लुटण्यासारखे फारसे उरतच नाही. परंतु भेद ध्यानी घ्यावा. पहिल्या दोन खेळांत गेलेले परत मिळविण्यास डोके चालवावे लागते, आणि डाव संपला की दुःखही संपते. तिसऱ्यात डाव संपतच नाही. गेलेले सोने मुलाला मध्यरात्री उठवू शकते आणि वडिलांच्या खिशापर्यंत पोहोचू शकते. कंपनीच्या नियमांत किमान १३ वर्षे वयाची अट आहे, हेही पालकांनी जाणून असावे.

तर मग करावे काय? रागाच्या भरात फोन हिसकावून आपटू नये. त्याने फोन जातो आणि मुलाचा विश्वासही. शांतपणे चार गोष्टी कराव्या. मुलाच्या शेजारी बसून एक डाव पाहावा. ‘गेले ते कसे गेले?’ हे त्याच्याच तोंडून ऐकावे. फोनवरील प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी परवलीचा शब्द मागण्याची सोय आहे. ती चालू करावी आणि तो शब्द मोठ्यांनी आपल्यापाशीच ठेवावा. रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्वांचे फोन, वडिलांचाही, एका फळीवर ठेवावे. ज्या नियमातून वडील सुटतात तो नियम मुले पाळीत नाहीत.

उगाच घाबरूनही जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद आहे, व ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. परंतु तेथे अट अशी की, खेळावरचा ताबा सुटावा, इतर कामांपेक्षा खेळ वरचढ व्हावा, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहावा, आणि सामान्यतः हे वर्षभर चाललेले असावे. मेंढ्या गेल्या म्हणून एक संध्याकाळ रुसलेला मुलगा रोगी नव्हे. मात्र शाळा, झोप आणि जेवण महिनोन्‌महिने सुटत असेल, तर भीडभाड न ठेवता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

येत्या रविवारी दुपारी मुलाला म्हणा, “चल, तुझे गाव दाखव.” तो कोठार दाखवील, शेते दाखवील, कुठे चुकले ते सांगील. मग त्याला आपली कणगी दाखवा, आणि पावसाळा सरेपर्यंत त्यातले किती दिवस पुरेल याचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घ्या. आमचा अंदाज असा की, तो हिशेब तुमच्याहून लवकर करील.