पत्ता भिवंडीचा, पगार दुबईचा: क्रेडिट कार्डच्या अर्जात ‘निवासी’ लिहायचं की ‘अनिवासी’?

असं समजा, भिवंडीत वंजारपट्टी नाक्याजवळ राहणारा एक तरुण आहे. मानकोलीच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता. 20 नोव्हेंबर 2025 ला तो नोकरीसाठी दुबईला गेला. आधार कार्डवर पत्ता भिवंडीचा, पॅन इथलं, पगाराचं जुनं खातं इथलं आणि घरचे सगळे इथेच.

दोन महिन्यांनी त्याच्या मोबाइलवर मेसेज येतो: ‘तुमच्यासाठी क्रेडिट कार्ड तयार आहे, फक्त अर्ज भरा.’ अर्जात एक प्रश्न असतो. तुम्ही भारताचे निवासी आहात की अनिवासी?

तो ‘निवासी’वर टिक करतो. त्याचा हिशोब सोपा असतो. 182 दिवस देशाबाहेर राहिल्याशिवाय कुणी एनआरआय होत नाही, आपल्याला तर जेमतेम दोन महिने झालेत.

भिवंडी, कल्याण, मुंब्रा इथून आणि रायगड-रत्नागिरीच्या गावांतून आखातात कामाला जाणाऱ्या अनेकांच्या डोक्यात हाच हिशोब असतो. पण तो इथे लागू होत नाही. का, ते समजून घेऊ.

शब्द एक, अर्थ तीन

‘रहिवासी’ किंवा ‘निवासी’ हा शब्द तीन ठिकाणी तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो.

पहिला अर्थ आयकर कायद्याचा. इथे दिवस मोजले जातात. आर्थिक वर्षात 182 किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात, तर त्या वर्षापुरते तुम्ही निवासी. आपल्या उदाहरणातला तरुण 1 एप्रिल ते 20 नोव्हेंबर, म्हणजे 234 दिवस भारतात होता. म्हणून 2025-26 या वर्षासाठी आयकर खात्याच्या लेखी तो निवासीच आहे. त्या वर्षाच्या विवरणपत्रात त्याला दुबईचा पगारही दाखवावा लागतो.

दुसरा अर्थ फेमाचा, म्हणजे 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा. बँक खातं, ठेवी, कर्ज, क्रेडिट कार्ड यांना हा कायदा लागतो. यातही 182 दिवसांचा उल्लेख आहे, पण त्याला मोठा अपवाद आहे. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा किती काळ राहणार हे ठरलेलं नसताना जो देशाबाहेर जातो, तो निवासी राहत नाही. म्हणजे नोकरीसाठी विमानात बसलात, त्या दिवसापासूनच तुम्ही अनिवासी.

त्यामुळे एकाच तारखेला हा तरुण आयकरासाठी निवासी आणि बँकेसाठी अनिवासी असतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

तिसरा अर्थ परदेशातल्या बँकेचा. दुबईच्या बँकेला तुमच्या भिवंडीच्या पत्त्याशी देणंघेणं नसतं. तिला यूएईचा निवासी व्हिसा, एमिरेट्स आयडी आणि पगाराचा पुरावा हवा असतो.

परदेशात शिकायला गेलेल्या मुलांचं काय? रिझर्व्ह बँकेने 2003 मध्येच स्पष्ट केलंय की फेमाच्या दृष्टीने ही मुलंही अनिवासी आहेत. ‘तो तर फक्त शिकायला गेलाय’ असं म्हणून त्याचं जुनं खातं तसंच चालू ठेवता येत नाही.

मग जुन्या खात्याचं काय?

निवासी असताना उघडलेलं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. बँकेला हे आपण होऊन कळवायचं असतं. भिवंडीतल्या खोलीचं किंवा गाळ्याचं भाडं येत असेल, तर ते या एनआरओ खात्यात जमा होतं. परदेशातला पगार भारतात पाठवायचा, तर एनआरई खातं उघडता येतं. त्यातली रक्कम केव्हाही परत परदेशात नेता येते.

क्रेडिट कार्ड बहुतेक वेळा याच ग्राहक नोंदीला जोडलेलं असतं. नोंद बदलली की जुनं कार्ड चालू ठेवायचं, बदलून द्यायचं की बंद करायचं, हे बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. म्हणून निघण्यापूर्वी लेखी विचारून घेतलेलं बरं.

चुकीची माहिती दिली तर? फेमाचं उल्लंघन ठरलं, तर व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोजता येत नसेल, तर ही मर्यादा 2 लाख रुपये आहे.

त्याआधी एक व्यावहारिक अडचणही येते. व्हिडिओ केवायसी करताना तुमचं ठिकाण नोंदवलं जातं. भारताबाहेरून आलेली जोडणी रोखण्याची सोय बँकेने ठेवावी, असं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. दुबईत बसून भिवंडीत असल्याचं सांगणारा अर्ज तिथेच अडकू शकतो.

एनआरआयला भारतीय कार्ड मिळतच नाही का?

मिळतं. अनिवासी भारतीयांना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड द्यायला बँकांना रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. त्याचं बिल परदेशातून पैसे पाठवून किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातून भरता येतं.

पण परवानगी असणं वेगळं आणि कार्ड हातात पडणं वेगळं. परदेशातल्या पगाराची खात्री करणं आणि थकबाकी वसूल करणं इथल्या बँकेला अवघड जातं. म्हणून काही बँका भारतातला पत्ता मागतात, काही मुदत ठेवीवर कार्ड देतात. नव्याने परदेशी गेलेल्यांसाठी ठेवीवरचं कार्ड हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

दुबईत शून्यापासून सुरुवात

भिवंडीत दहा वर्षं हप्ते वेळेवर भरले, सिबिल स्कोअर 800 च्या वर आहे. दुबईत त्याचा उपयोग किती? जवळपास नाहीच. तिथे अल इत्तिहाद क्रेडिट ब्युरो वेगळी नोंद ठेवतो आणि तुमच्या भारतातल्या नोंदीवर तुमचा तिथला स्कोअर ठरत नाही. दोन्हीकडे स्कोअर 300 ते 900 मध्येच मोजला जातो, पण वह्या वेगळ्या आहेत.

म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांत अनेक जण भारतातलं कार्ड तिथे वापरतात. दिरहममध्ये केलेल्या प्रत्येक खरेदीवर बँक साधारण 2 ते 3.5 टक्के जादा आकार लावते, त्या आकारावर 18 टक्के जीएसटी असतो. किराणा आणि मेट्रोसाठी रोज असं कार्ड वापरणं महागात पडतं.

वह्या वेगळ्या, पण कर्ज मागे येतं

दुबईचं कार्ड थकवून विमान पकडलं की विषय संपला, असा एक समज आखातात गेलेल्यांमध्ये आहे. पूर्वी परदेशी बँकेला भारतात वसुली करायची, तर इथे नव्याने दावा लावावा लागायचा. तो खर्च पाहून छोट्या रकमा सोडून दिल्या जाण्याची शक्यता जास्त होती.

जानेवारी 2020 मध्ये हे बदललं. केंद्र सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली यूएईला परस्पर मान्यता असलेला देश जाहीर केलं. तेव्हापासून तिथल्या अधिसूचित दिवाणी न्यायालयाचा पैशांचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात, तो जणू इथेच झाला आहे अशा पद्धतीने, अंमलात आणता येतो. भिवंडीच्या माणसासाठी याचा अर्थ ठाण्याचं जिल्हा न्यायालय. आक्षेप घ्यायला जागा असते, पण मूळ दावा पुन्हा पहिल्यापासून चालवला जात नाही.

म्हणजे चांगला स्कोअर सोबत येत नाही, थकबाकी मात्र येऊ शकते. परदेशी जाणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

घरी ठेवलेल्या कार्डाचं काय?

अनेक घरांत असंच होतं. मुलगा जाताना कार्ड आणि पिन भावाकडे देऊन जातो. घरखर्च त्यावर चालतो. एखाद्या महिन्यात बिल राहतं. व्याज महिन्याला 3 टक्क्यांच्या आसपास किंवा वर, म्हणजे वर्षाला 36 टक्क्यांच्या पुढे. सिबिल बिघडतं ते मुलाचं. पिन दुसऱ्याला देणं कार्डाच्या अटींत बसत नाही, त्यामुळे गैरवापर झाला तर तक्रारही लंगडी पडते.

याला सरळ पर्याय आहे. घरच्यांच्या नावाने ॲड-ऑन कार्ड घ्या, त्यावर मर्यादा ठरवून घ्या. बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते, पण कुणी किती खर्च केला याची नोंद स्वच्छ राहते.

निघण्यापूर्वीची यादी

नोकरीचं पत्र हातात आलं की बँकेत जाऊन अनिवासी होत असल्याचं लेखी कळवा, पोच घ्या. एनआरओ आणि एनआरई खात्याचे फॉर्म इथे असतानाच भरलेले सोपे पडतात.

नको असलेली कार्डं बंद करा. सर्व बाकी भरलेली असेल, तर अर्जानंतर 7 कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला देण्याचा नियम आहे.

ठेवलेल्या कार्डाचं बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय करा. भारतातलं सिम रिचार्ज करत राहा. नंबर बंद पडला तर ओटीपी येत नाही, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.

कायमचे परत आलात, तरी बँकेला कळवून खाती पुन्हा निवासी करून घ्यायची असतात.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. नोकरीसाठी बाहेर पडलेल्या त्या तरुणाने बँकेच्या अर्जात ‘अनिवासी’ लिहायला हवं होतं. आधारवरचा भिवंडीचा पत्ता आपलं घर कुठे आहे ते सांगतो. बँकेचा प्रश्न वेगळा असतो: सध्या तुम्ही कुठे आणि कशासाठी राहता?