पिल्लाला शिकवायचे केव्हापासून, आणि काय?



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना खोडवा, हुमणी, तोडणीची पाळी असे प्रश्न येतात. त्यांची उत्तरे देणे हे शेतकी खात्याचे कामच आहे. पण अलीकडे एक वेगळाच प्रश्न गटागटांतून विचारला जातो. "साहेब, कारवानी जातीचं पिल्लू आणलंय. शिकारीला केव्हापासून शिकवायचं?" पारावरची मंडळी तिथल्या तिथे उत्तरही देतात. एक म्हणतो, तिसऱ्या महिन्यापासून रानात न्या. दुसरा म्हणतो, वर्षाचा होईस्तोवर हात लावू नका. माझ्या मते दोघेही अर्धेच बरोबर आहेत, आणि प्रश्नातला 'शिकार' हा शब्द तर साफ चुकीचा आहे. कसे ते सांगतो.

माझे मूळ गाव माळशेज घाटाखाली मुरबाड तालुक्यात, आजोळ शहापूरकडे. तिकडे ऊस नाही. खाचरात भात आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरी. पीक निसवायला लागले की रानडुकरे उतरायची, आणि आम्ही पोरे रात्री माळ्यावर राखणीला असायचो. मी दहावीत असताना मोत्या नावाचे पिल्लू पाळले होते. पाच महिन्यांचे, अंगाने भरलेले, कशाच्याही मागे धावणारे. मला वाटे, हा आता तयार झाला. शेजारच्या कातकरी वाडीतले एक म्हातारे त्याचे तोंड उघडून बघून म्हणाले, "दुधाचे दात अजून पुरते पडले नाहीत, पोरा. याला रानात नको सोडूस." मी ऐकले नाही. त्याच आठवड्यात रात्री डुकरांची चाहूल लागली आणि मी त्याला मोकळे सोडले. पुढे पिलांची मादी होती. मी जीव खाऊन हाका मारल्या, पण हाकेसरशी मागे फिरायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते. फाडलेल्या पोटाने तो पहाटेपर्यंत जगला. चूक त्याची नव्हती, डुकराचीही नव्हती. चूक माझी होती.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की शिकवण लवकर सुरू करा, काम मात्र उशिरा द्या. आपल्याला हे नवे नाही. उसाची बाळबांधणी आपण ६ ते ८ आठवड्यांनी करतो आणि मोठी बांधणी १६ ते १८ आठवड्यांनी. बाळबांधणीच्या वेळी कोणी मोठी बांधणी करत नाही, आणि बाळबांधणी चुकवून पुढे चांगल्या फुटव्याची आशाही धरत नाही. पिल्लाचेही तसेच आहे.

पिल्लू ८ आठवड्यांपर्यंत आईजवळच असू द्या. महिन्याचे पिल्लू पोत्यात घालून आणण्याची आपल्याकडची सवय वाईट. खेळताना किती जोरात चावायचे आणि कुठे थांबायचे, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकते. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ३ ते १२ आठवडे या वयात पिल्लाला जे दिसते, ते त्याला आयुष्यभर आपले वाटते, असा त्यातला मुद्दा आहे. या वयात ज्याने शेळी, वासरू, कोंबडी, लहान मूल, ट्रॅक्टर, तोडणीवाल्यांची बैलगाडी पाहिलीच नाही, तो पुढे त्यांना घाबरतो किंवा त्यांच्यावर धावून जातो. हंगामात फडाशेजारी कोप्या पडतात, त्यांतली पोरे शिवारात मोकळी खेळत असतात, हे विसरू नका.

८ आठवड्यांपासून धडे द्या, पण दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटांचे. पहिला धडा नावाचा, दुसरा 'ये' म्हटल्याबरोबर परत येण्याचा. आल्यावर भाकरीचा तुकडा द्या, पाठीवर हात फिरवा. उशिरा आले म्हणून कधी मारू नका, कारण आल्यावर मार बसतो एवढेच त्याच्या लक्षात राहील. मग 'बस', मग तोंडातली वस्तू 'सोड'. ६ ते ८ आठवड्यांपासून पशुवैद्याच्या सल्ल्याने पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढे वर्षाच्या वर्षाला. जो कुत्रा पाळतो पण लस टोचत नाही, तो गावाच्या जिवाशी खेळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

४ ते ६ महिन्यांत दात बदलतात. या काळात हिरड्या ठणकतात, तेव्हा ओढाताण करू नका. ६ महिन्यांनंतर दोरीला धरून रोज बांधाबांधाने फिरवा. आपली हद्द कोणती, शेजाऱ्याची कोणती, हे त्याला पायांनी कळू द्या. हाडे पुरती भरायला वर्ष ते दीड वर्ष लागते, आडसाली उसाइतकेच म्हणा ना! त्यामुळे रात्रीच्या राखणीचे काम वर्षानंतरच, आणि शक्य तर जुन्या, शहाण्या कुत्र्याच्या जोडीने.

आता शिकारीविषयी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसते जनावर मारणे नव्हे. फासा लावणे, हाकारणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणे आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे त्यात येते. सशामागे कुत्रा सोडून मौज म्हणून पाहत उभा राहणाराही अडकू शकतो. डुकरांनी ऊस लोळवला तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज करा. कुंपणात वीज सोडण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. त्याने माणसे मेली आहेत.

"आमच्या आज्यानं कुत्र्यावर डुक्कर धरलं होतं," असे काही सभासद अभिमानाने सांगतात. धरले असेल. पण त्या काळी शिवारात एवढा ऊस नव्हता आणि उसात बिबट्या नव्हता. आज फडात पाठलाग करणारा कुत्रा कोणाच्या तोंडाशी जाईल, हे सांगता येत नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे फडाच्या कडेला साखळीला बांधलेला कुत्रा ही राखण नव्हे, ते आमिष आहे. बिबट्याला आपणच घराजवळ बोलावतो आणि मग पिंजऱ्यासाठी अर्ज करतो.

बिबट्या वाटेने मुकाट जाऊ शकतो, हेही आपण पाहिले आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या गळ्यात पट्टा बसवून माळशेज घाटात सोडला होता. त्याचे नाव 'आजोबा' पडले. तो आमच्या मुलखातून, शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्यावरून, सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने कोणाला दुखापत केली नाही. अशाला थांबायला आपण कारण देऊ नये.

तेव्हा कुत्रा पाळा, जरूर पाळा. पण त्याला धरायला शिकवू नका, भुंकून कळवायला शिकवा. त्याने भुंकावे, आपण बॅटरी घेऊन उठावे, आणि 'ये' म्हटल्याबरोबर त्याने पायाशी यावे. रात्री त्याला दार लावलेल्या खोपीत किंवा ओसरीवर घ्या. गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधला तर अधिक चांगले. नको असलेली पिल्ले ओढ्याला सोडण्यापेक्षा वेळेवर नसबंदी करून घ्या.

येत्या हंगामात नोंदीला येईन तेव्हा आपल्या पिल्लाला माझ्यासमोर एकदा हाक मारून दाखवा. खेळ सोडून ते तुमच्याकडे पळत आले, तर राखणीची निम्मी शिकवण झाली असे समजेन.