बर्फाचा राजहंस

एका भगिनीने मोठ्या काळजीने पत्र लिहिले आहे. त्यांचा मुलगा चेन्नईच्या दक्षिणेस, सिरुसेरीच्या उद्योगवसाहतीत नोकरीस असून त्याच्या लग्नाचा स्वागतसमारंभ तिकडेच व्हावयाचा आहे. बुफेच्या मेजावर बर्फाचा राजहंस मांडून त्याच्या पाठीवर कापलेली फळे ठेवावीत, असे भोजनाचे कंत्राट घेणाऱ्याने सुचविले. "शोभा येईल, पण ती फळे पाहुण्यांना द्यावीत काय?" असे त्या विचारतात.

मद्रासला बर्फाचे अप्रूप जुने आहे. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्यास बर्फ धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात 180 टनांपैकी सुमारे 100 टनच शिल्लक राहिला! पुढे मद्रासच्या किनाऱ्यावर 1842 मध्ये त्याची बर्फाची वखार उभी राहिली. तीच आजची विवेकानंद-वास्तू होय. आपल्या मुंबईत 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, तेव्हा मंडळींना पडसे झाल्याची वार्ता पसरली असे सांगतात.

आता राजहंसाकडे वळू. साधी लादी मधोमध पांढुरकी दिसते, कारण पाणी बाहेरून आत गोठत जाते आणि त्यातील हवा व क्षार मध्यभागी कोंडले जातात. कोरीव कामाची लादी तळाकडून गोठवितात व वरचे पाणी सतत हलते ठेवतात, म्हणून ती काचेसारखी होते. शीतगृहातून काढताच तिला हत्यार लावले तर ती तडकते. पृष्ठभाग ओलसर होईपर्यंत वाट पाहून मगच करवत आणि छिन्नी चालवितात. हंसाची मान मुद्दाम जाड ठेवतात, कारण बारीक भाग आधी वितळतो. चेन्नईच्या दमट हवेत तर हे काम अधिकच कठीण! हवेतील एक ग्रॅम बाष्प बर्फावर जमले, की त्याच्या उष्णतेने सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणून दालन थंड हवे, पंखा दूर हवा आणि खालच्या ताटाला पाणी वाहून जाण्यास नळी हवी.

परंतु नितळ दिसते ते शुद्ध असतेच असे नाही. गोठल्याने सर्वच रोगजंतू मरत नाहीत, वितळताच ते पुन्हा सावध होतात. शिवाय कारागिराचे हात, करवतीचे तेल आणि वाहतुकीतील गोणपाट यांचा स्पर्श त्या बर्फाला झालेला असतो. खाण्याचा नसलेला, माल टिकविण्यासाठीचा बर्फ निळसर रंगवावा असा दंडक सरकारने 2018 मध्ये घातला, तो याच भयाने. तेव्हा ताई, बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे काय, हे त्या गृहस्थांना स्पष्ट विचारा आणि उत्तर काहीही आले तरी फळे बर्फावर उघडी ठेवू देऊ नका. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए या पाकनिपुणाने गायिका नेली मेल्बा यांच्यासाठी बर्फाच्या हंसाच्या पंखांत पीच फळे मांडली, तीसुद्धा चांदीच्या पात्रात. आपण काचेचे खोल वाडगे घ्यावे.

आणखी एक. शंभर किलोच्या लादीला शंभर लिटर पाणी लागते. 2019 च्या जूनमध्ये चेन्नईचे जलाशय आटले, तेव्हा सिरुसेरीच्या त्याच रस्त्यावरील कित्येक कचेऱ्यांनी नोकरांना घरूनच काम करावयास सांगितले होते. हंस आणावयाचाच असेल तर एकच आणावा, लहान आणावा, आणि नळीखाली बादली ठेवावयास मुलाला सांगावे. सभागृहाच्या अंगणातील झाडांना ते पाणी चालेल.