मागच्या सीटवरचा श्रोता

नातवाच्या गाडीत पुढे-मागे चार स्पीकर बसवले. दुकानदार म्हणाला, "आजोबा, डेकच ५० वॉट गुणिले ४ आहे, अ‍ॅम्प्लिफायर कशाला?"

मी मराठीचा बी.ए., पण गुणाकार येतो. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२! पण एवढे वॉट मिळतात ते आवाजाची लाट वर-खाली सपाट कापली गेल्यावर, म्हणजे गाणं फाटल्यावर. स्वच्छ सुरात निम्म्यालाही पोचत नाही.

आता चिरंजीव दुसऱ्या टोकाला. चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर हवा, मागेही तेवढीच ताकद. का हो? गाणारा आपल्यासमोर बसतो की मानेमागे? अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या जोडीला द्या, मागे डेकचे १५-२० वॉट रग्गड झाले.

मागे आम्ही दोघं म्हातारे बसतो, स्पीकर कानाशी. दिवाळीत पुढे पुरेना म्हणून त्याने सगळाच आवाज चढवला. पुणे ते सातारा ही काय बोलली, एक अक्षर कळलं नाही. (हिच्या मते ते नेहमीचंच.)

नातू अजून 'चार' म्हणतोय. म्हणू दे, निम्मे पैसे माझे आहेत.