खडकावर चढणारी गाडी आणि आमची मुले

वर्षअखेरची सुट्टी जवळ आली की पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत दुकानांच्या काचांमागे खेळण्यांच्या राशी लागतात. त्या राशींत हल्ली एक नवी जात दिसू लागली आहे. रिमोटवर चालणारी, पण शर्यतीत धावणारी नव्हे, तर अगदी हळूहळू दगडांवरून, मुळांवरून, खाचखळग्यांतून वर चढणारी छोटी जीप. तिला रॉक क्रॉलर म्हणतात. लहान गाड्या खऱ्या जीपच्या एकचोविसांश मापाच्या, म्हणजे वीतभर लांबीच्या असतात. मुलांना त्यांचे वेड लागले आहे. त्यात आम्हांला काहीच वावगे वाटत नाही. वावगे वाटते ते एवढेच, की आमच्या घरांतून ही गाडी पेटीतून बाहेर येते, आठवडाभर चालते, एखादा दात तुटतो आणि ती कपाटावर जाऊन बसते. ती आतून कशी चालते हे कोणी पाहत नाही, आणि पाहावे असे मुलाला सांगणाराही घरात कोणी नसतो.

ही गाडी मुलांनी विकत न घेता मुळापासून स्वतः बनवावी, आणि त्यासाठी आमच्या मंडळांनी आपल्या सभागृहाचा एक कोपरा द्यावा, अशी सूचना आम्ही या पानावर मांडत आहोत. काहींना ती पोरकट वाटेल. शेवटपर्यंत वाचून मग हसावे, एवढीच विनंती.

प्रथम हिशेबाची गोष्ट उघडपणे सांगून टाकतो. स्वतः बनविली म्हणजे गाडी स्वस्त पडते, हे खरे नाही. रेडिओ, रिसीव्हर, मोटरी, वेग नियंत्रित करणारा छोटा सर्किटचा तुकडा, सेल, हे सर्व बाहेरून मागवावे लागते. सगळ्यांची बेरीज केली तर पुष्कळदा तयार गाडीहून जास्तच होते. शिवाय तयार गाडी पहिल्या दिवशी अधिक चांगली चालते. तेव्हा काटकसर म्हणून हा उद्योग कोणी करू नये. तो करायचा तो दुसऱ्या कारणासाठी.

ते कारण आमच्या वर्गातल्या एका मुलाने आम्हांला दाखविले. मुलगा तेरा वर्षांचा. वाचनात मागे, गणितात त्याहून मागे. खासगी शिकवण्या दोन, आणि दोन्हींचा उपयोग शून्य. त्याच्या चुलतभावाला वाढदिवसाला तयार क्रॉलर मिळाली, याला मिळाली नाही. तेव्हा याने आपल्या आजाच्या तोलच्या छपराखाली, जुन्या सामानाच्या ढिगात बसून स्वतःची गाडी बनवायला घेतली.

त्याची रीत सांगण्यासारखी आहे. खऱ्या क्रॉलरला दोन अखंड आस असतात. ते चार दांड्यांनी चासीला जोडलेले असतात, आणि पुढच्या चाकांना वळतानाही शक्ती मिळावी म्हणून तेथे वळणारे सांधे बसवावे लागतात. हे सांधे घरी बनविणे फार कठीण. मुलाने ती अडचण बाजूला ठेवली. रस्त्याच्या कामावर मोठी लोडरची यंत्रे कमरेत वाकून वळतात, ते त्याने पाहिले होते. तशीच त्याने गाडी दोन तुकड्यांत केली. पुढच्या तुकड्याला एक मोटर आणि दोन चाके, मागच्या तुकड्यालाही तसेच, आणि मधे दाराची लहान बिजागरी. बिजागरीमुळे गाडी डावीउजवीकडे वळते. बिजागरीच्या मागे लांबीच्या दिशेने एक बोल्ट सैल ठेवला, त्यामुळे मागचा भाग पुढच्याशी पीळ घेऊ शकतो. एक चाक दगडावर चढले तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. स्प्रिंग नाही, शॉक नाही, तरी काम भागले.

मोटरी साध्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या पेटीतल्या. त्यांना दोन्ही बाजूंनी दांडा असतो, म्हणून दोन्ही चाके थेट बसतात आणि एकदमच फिरतात. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या मोटारीत चिखलात एक चाक रुतले की तेच गरगर फिरते आणि दुसरे स्वस्थ बसते, हे सर्वांनी अनुभवले असेल. वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावे म्हणून जी व्यवस्था केलेली असते, तिचा तो दुष्परिणाम. क्रॉलरमध्ये ही व्यवस्था मुद्दाम बंद केलेली असते. एक चाक हवेत असले तरी दुसरे दगड धरून ओढते.

यात नवे काही नाही, हेही खरे. १९८७ साली जपानच्या तामिया कंपनीने क्लॉड बस्टर नावाची मोठ्या चाकांची गाडी काढली. तिच्या प्रत्येक आसावर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाके वळत. पुढे हौशी लोकांनी तिचे आस काढून, मधली चासी स्वतः बनवून, खडकांवर चढणाऱ्या गाड्या तयार केल्या. म्हणजे हा सारा खेळच मुळी घरच्या बाकावर जन्मला. पेटीतल्या तयार गाड्या मागून आल्या.

आता गणिताकडे येऊ. मुलाच्या पहिल्या मोटरी मिनिटाला सुमारे २०० फेरे घेत. चाकाचा व्यास साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे परीघ वीस सेंटीमीटरहून थोडा जास्त. गुणाकार केला की मिनिटाला चाळीस मीटर. हा माणसाच्या चालण्याच्या निम्मा वेग झाला. दगडावर तो फार, गाडी चढण्याऐवजी आपटते. मग त्याने जास्त गिअर असलेल्या मोटरी घेतल्या, मिनिटाला ८० फेरे. वेग सोळा मीटरवर आला आणि ओढ वाढली. वेग द्यावा तेव्हाच जोर मिळतो, हा धडा आम्ही फळ्यावर कितीदा तरी लिहिला होता. या मुलाच्या वहीत तो कधी उतरला नव्हता. आता तो आमच्याकडे येऊन विचारू लागला की सहाशे ग्रॅमची गाडी तीस अंशांच्या चढावर किती ओढते. उत्तर तीनशे ग्रॅम, कारण तीस अंशांची ज्या अर्धी असते. हे ऐकून तो जो हसला, तसे हसू त्रिकोणमितीच्या तासाला आम्ही क्वचितच पाहिले आहे.

मग गाडी उलटू लागली. दोन बाजूंच्या चाकांत अंतर सोळा सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून आठ. सेल वर ठेवल्यामुळे गुरुत्वमध्यही आठ सेंटीमीटर उंच. आठास आठ, म्हणजे पंचेचाळीस अंश कलली की गाडी पडणार. सेल खाली, पुढच्या मोटरीच्या लगत आणले, मध्य सहा सेंटीमीटरवर आला आणि पडण्याचा कोन त्रेपन्न अंशांवर गेला. सेल पुढे आणण्याचे कारण असे की चढताना वजन आपोआप मागे सरकते आणि पुढची चाके हलकी पडतात. कसलेले हौशी लोक तर पुढच्या चाकांच्या आत पितळेची कडी बसवून वजन वाढवतात. वजन खाली आणि पुढे, हा या गाडीचा मंत्र आहे.

चाकांची कथा गमतीची. पहिले टायर त्याने जुन्या सवातच्या तळव्यातून कापले. कोरड्या दगडावर बरे चालले. रात्री पाऊस पडला आणि सकाळी गाडी जागच्या जागी चाके फिरवीत राहिली. मग त्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा चिकटवून त्याला आडव्या खाचा पाडल्या. वळविणाऱ्या लहान सर्व्हो मोटरीचे प्लॅस्टिकचे दात दोन दिवसांत झडले, तेव्हा धातूच्या दातांची घ्यावी लागली. चासीच्या पट्ट्या खिडक्या बनविणाऱ्याच्या दुकानातले टाकाऊ ॲल्युमिनियम, आणि सर्व्होपासून बिजागरीपर्यंतची दांडी म्हणजे सायकलचा आरा. आऱ्याला टोकाशी आटे असतातच.

गाडी चढवायची कोठे? ऊसाच्या मळ्यांच्या कडेला काळ्या दगडांच्या ज्या राशी आणि भिंती दिसतात, तेथे. या बेटाची जमीन ज्वालामुखीची. ऊस लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतरही शेतातले दगड उचलून बाजूला रचावे लागले, आणि ते उचलणाऱ्यांत रत्नागिरीकडून गिरमिट करून आलेले आमचे पूर्वजही होते. त्या राशींवर आज त्यांचा खापरपणतू सवातच्या चाकांची गाडी चढवितो. (मळेवाल्याची परवानगी मात्र घ्यावी. आणि तामारँच्या किनाऱ्यावर गाडी नेऊ नये. खारे पाणी एकदा मोटरीत शिरले की गंज चढायला वेळ लागत नाही.)

आता आमच्या मुद्द्याकडे वळतो. त्या मुलाला ही कामे शिकविली कोणी? शाळेने नव्हे. एका शाळेत, नाव घेण्याचे कारण नाही, वर्कशॉपचे दार आम्ही वर्षानुवर्षे कुलुपबंद पाहिले आहे. शिकविले त्याच्या आजाने. आजा साखर कारखान्याच्या कार्यशाळेत फिटर होता. एकेकाळी गावागणिक असावेत इतके कारखाने या बेटावर होते, आज ऊस गाळणारे तीनच उरले आहेत. आमच्या पश्चिम भागातल्या कित्येक कुटुंबांनी ज्याच्या भोंग्यावर घड्याळ लावले, तो मेदीनचा कारखानाही बंद झाला. साखर कमी झाली याचे दुःख अर्थशास्त्रज्ञ करतील. आम्हांला दुःख आहे ते त्या कार्यशाळांचे. तेथे आमची माणसे कानस सरळ धरायला, भोक मध्यावर पाडायला, झाळकाम करायला, एक केसाची जागा सोडून धुरा बसवायला शिकली. ती आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यानंतर हे ज्ञान कोणाच्या हातात राहणार?

यातच भाषेचीही गोष्ट आली. आमच्या घरांत क्रेओल बोलतात. मराठी उरली आहे ती आरतीत, भजनात आणि परीक्षेच्या पेपरात. मुलाला आरती पाठ असते, पण कानस, करवत, पाचर, खिळा, बिजागरी हे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात. आजा मात्र नातवाला सांगताना नकळत मराठीत शिरत होता, कारण त्याच्या बापाने त्याला ते काम त्याच भाषेत सांगितले होते. महिन्याभरात मुलाने जेवढे मराठी शब्द उचलले, तेवढे आम्ही एका सत्रात शिकवू शकलो नव्हतो. ज्या भाषेत काम होत नाही ती भाषा देवघरात राहते, आणि देवघरातच म्हातारी होते. गणेश चतुर्थीला आपल्यातली कित्येक कुटुंबे अजून मूर्ती घरी घडवितात, याचा आम्हांला अभिमान वाटतो. तो हात वर्षातून एकदाच का चालावा?

पालक म्हणतील, परीक्षा तोंडावर असताना खेळणी कसली? परीक्षा महत्त्वाची नाही असे शिक्षक असलेले आम्ही कसे म्हणू? पण डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा विषय ढ मुलांसाठी आहे, असे मानणारे पालक आम्ही दरवर्षी भेटतो. तीच माणसे घरातला नळ गळू लागला की दोन दिवस प्लंबरची वाट पाहतात. मुलींच्या आया तर हा आपला विषयच नाही असे समजतात. वस्तुतः झाळकामाला लागणारी बारीक नजर शिवणकाम केलेल्या मुलीत आधीच असते. आणि एक प्रकार आम्हांला सर्वांत नापसंत आहे, तो म्हणजे बापाने रात्री जागून गाडी बनवायची आणि मुलाने सकाळी ती मिरवायची. त्यापेक्षा विकत आणलेली बरी.

धोका आहे तोही सांगितला पाहिजे. तयार गाड्यांतले लिथियमचे सेल बेजबाबदारपणे चार्ज केले तर पेट घेतात. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. मुलाने एकट्याने ते चार्ज करू नयेत. पहिल्या गाडीला पुन्हा चार्ज होणारे साधे चार सेल, ४.८ व्होल्टचे, पुरेसे आहेत.

आमच्या मंडळांची सभागृहे आठवड्यातले पाच दिवस बंद असतात. बक्षिसे देतो ती गुणपत्रिका पाहून. त्यांत एक बक्षीस, गाडी कशीही असो, स्वतः बनवून ती काळ्या दगडांच्या राशीवर चढविणाऱ्याला ठेवावे. आणि एका शनिवारी दुपारी मागच्या खोलीत एक भक्कम टेबल, एक व्हाइस, दोन कानशी, एक करवत, एक हातड्रिल आणि झाळकामाची एक काडी एवढे ठेवून दार उघडावे. आमच्या गावच्या मंडळाकडे आम्ही तसा अर्ज दिला आहे. त्या मुलाचा आजा शिकवायला येण्यास तयार आहे. त्याची अट एकच, कानस वापरून झाल्यावर मुलांनी ती तारेच्या ब्रशने साफ करून जागेवर ठेवावी.