सनरूफ आधी की सुरक्षितता?

नवी मोटार नोंदविताना सनरूफ, टचस्क्रीन, अलॉय व्हील यांवर घरोघरी चर्चा रंगते. सुरक्षितता मात्र गृहीत धरली जाते. चालकासाठीची एअरबॅग व एबीएस २०१९ मध्ये सक्तीचे झाले. शेजारच्या आसनाची एअरबॅग त्यानंतर आली. सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव मात्र केंद्र सरकारने २०२३ मध्ये सोडून दिला. साहजिकच, बाजूने बसणाऱ्या धडकेपासून किती संरक्षण घ्यायचे, हा निर्णय ग्राहकावर आला. आपल्याकडे सुविधा बहुतांशी सुट्या मिळत नाहीत, व्हेरिएंटनुसार एकत्र येतात. त्यामुळे कर्टन एअरबॅग आणि घसरती मोटार सावरणारी ईएससी प्रणाली कोणत्या व्हेरिएंटपासून मिळते, हे आधी पाहावे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम नंतरही बसविता येते, एअरबॅग नाही.