दोन फेरीबोटींमधले दिवाडी

बेटावर जावयाचे म्हणजे खिशात पैसा आणि सोबतीला चार माणसे हवीतच, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, एकट्या बाईने पाठीला पिशवी अडकवून, तीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली एवढाच शिधा घेऊन एखाद्या बेटावर दिवस काढावा, या कल्पनेला पुष्कळ घरांतून अद्याप थारा नाही. गोव्यातील दिवाडी बेटाने माझ्यापुरती तरी ती समजूत कायमची मोडून टाकली. जुन्या गोव्याच्या अगदी समोर, मांडवीच्या भरती-ओहोटीच्या पाण्याने वेढलेले हे बेट रिबंदर, जुने गोवे आणि नार्वे या तीन बाजूंनी फेरीबोटींनी बाहेरच्या जगाशी जोडलेले आहे, आणि पायी जाणाऱ्या उतारूकडून या फेरीबोटींवर एक पैसाही घेतला जात नाही.

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारी कदंब महामंडळाची बस थोड्याच वेळात रिबंदरच्या सेतूवर चढते. लिन्हारिसचा काउंट व्हाइसरॉय असताना, १६३४ च्या सुमारास पुरा झालेला हा तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा दगडी सेतू आजही नित्याच्या वाहतुकीचा भार वाहतो आहे. डावीकडे मांडवीचे रुंद पात्र आणि उजवीकडे पाणथळ जमीन व मिठागरे पाहत असताना माझ्या मनात राहून राहून येत होते की, ज्या राजवंशाचे नाव या बसच्या कपाळावर रंगवलेले आहे, त्या गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे ज्या बेटावर होते, त्याच बेटाकडे ही बस मला घेऊन चालली आहे. कदंब राजे आपल्या सुवर्णनाण्यांवरदेखील त्या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरवीत असत.

जुन्या गोव्यात उतरून धक्क्याकडे निघाले की वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या आगमनाला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, त्याचाच पणतू फ्रान्सिस्को द गामा येथे अधिकारावर असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली गेली. पुढे ती ढासळली आणि १९५४ साली पुन्हा बांधण्यात आली. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीवरून येऊन याच कमानीतून मोठ्या समारंभाने शहरात प्रवेश करी. मी गेले त्या सकाळी तिच्याखालून मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि पाठीवर दप्तरे घेतलेली मुले येत होती, आणि ज्यांचे येणेजाणे या नदीवर खरोखर अवलंबून आहे, त्यांच्याच पावलांनी ती कमान मला पहिल्यांदा शोभिवंत वाटली.

फेरीबोट म्हणजे एक सपाट लोखंडी नाव. पुढची फळी धक्क्यावर टेकली की माणसे, दुचाक्या आणि दोनचार मोटारी एकदमच आत येतात. कठड्याशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "खंय वता गो, बाय?" मी नार्व्यापर्यंत चालत जाणार म्हणून सांगताच ते क्षणभर माझ्या चपलांकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी वाटेतली सावलीची ठिकाणे एकेक करून मला सांगितली. पलीकडचा तीर येण्यास फार वेळ लागत नाही. पण नदी ओलांडणे हा रयतेचा हक्क आहे, विक्रीचा माल नव्हे, ही गोष्ट सरकारच्या एखाद्या खात्याने वर्षानुवर्षे आपल्या वहिवाटीत पाळावी, याचे मोल मला फार वाटते. पुलाची मागणी आणि तिला होणारा विरोध हे दोन्ही येथे पुष्कळ वर्षांचे आहेत. अपरात्री रुग्णाला पलीकडे न्यावे लागणाऱ्याची निकड मला कळते, आणि बेटाची शांतता जपू पाहणाऱ्याची काळजीही कळते. निकाल मात्र बेटावर राहणाऱ्यांनीच द्यावा, दिवसभरासाठी आलेल्या पाहुणीने नव्हे.

धक्क्यापासून पियेदादच्या टेकडीकडे जाणारा रस्ता खाजणांमधून जातो. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्यातून बांध घालून सोडवून घेतलेली सखल जमीन. तिची व्यवस्था समजून घेतल्यावाचून दिवाडीच काय, गोव्याचा कोणताही नदीकाठ समजला असे म्हणता येणार नाही. माती, दगड आणि खारफुटी यांच्या आधाराने उभ्या असलेल्या या बांधांना ठिकठिकाणी मानस असतात, म्हणजे लाकडी झडपांचे दरवाजे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच रेट्याने झडप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीत निघून जाते. दर वेळी कोणी हात लावावयास नको. झडपेतून जाऊ द्यावयाच्या पाण्याचा हिशेब मात्र माणसालाच ठेवावा लागतो, आणि बांधांची डागडुजी, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव हा सारा कारभार पोर्तुगीज अंमलाच्याही आधीपासून गावकरी संस्थांनी सांभाळलेला आहे. कोरगूट नावाचे भात अशा खारवट जमिनीतही तग धरते. मी एका मानशीजवळ बराच वेळ बसले. पाणी उतरत होते, झडप किंचित उघडी होती, आणि तिच्या तोंडाशी बगळे मोठ्या धीराने उभे होते. दशम्या मी तेथेच खाल्ल्या. सोबत कोणी असते, तर इतका वेळ एका लाकडी झडपेपाशी बसू देण्याची कृपा त्याने माझ्यावर केली असती असे मला वाटत नाही. एकट्याने हिंडण्याचे सुख मला विशेषेकरून अशा ठिकाणी जाणवते. कोकण रेल्वेचा मार्गही याच बेटावरून गेलेला आहे, परंतु येथे स्थानक नाही. गाडीतल्या लोकांना ही शेते क्षणभर दिसतात आणि मागे पडतात.

पियेदादच्या टेकडीवरील चर्च अठराव्या शतकातले, पांढरेशुभ्र, आणि तेथून दिसणारा नदीचा विस्तार कोणालाही खिळवून ठेवील असा आहे. माझे पाय मात्र शेजारच्या दफनभूमीत अधिक रेंगाळले, कारण तेथील लहानशा चॅपेलमध्ये कदंबकालीन मंदिराचे कोरीव अवशेष अद्याप टिकून आहेत. बेटावरच्या देवळांचा सोळाव्या शतकात विध्वंस झाला. खांडोळ्याचा महागणपतीही मूळचा येथलाच. आज त्या टेकडीवर प्रार्थना करणारी ख्रिस्ती कुटुंबे याच भूमीची लेकरे आहेत, आणि त्यांची श्रद्धा मला परकी वाटली नाही. पण जे पाडले गेले त्याचे दुःख त्यामुळे मिटत नाही, आणि ते मिटल्याचा बहाणा करणेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

तेथून पुढची वाट जुन्या नार्व्याची. येथेच सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. बहामनी स्वारीत ते एकदा उद्ध्वस्त झाले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने देवाची पुन्हा प्रतिष्ठा केली, आणि पोर्तुगीजांनी ते दुसऱ्यांदा पाडले. कोटितीर्थाची पायऱ्यांची तळी तेवढी राहिली. देवाचे धारालिंग विहिरीच्या रहाटाला लावण्यात आले होते आणि भाविकांनी ते तेथून सोडवून गुपचूप नदीपार नेले, असे सांगतात.

ती नदी आता मीही ओलांडली. दुसरी फेरीबोटही तशीच सपाट, तशीच बिनभाड्याची. पलीकडचा डिचोलीचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या अंमलाबाहेर होता, म्हणूनच देवाला तेथे आसरा मिळाला. झाडीत दडलेल्या नार्व्याच्या देवळाच्या दारावर शके १५९० चा शिलालेख आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने या देवालयाचे काम सुरू झाले, असे तो सांगतो. ते साल इसवी १६६८. अलीकडे, २०२३ साली, राज्य शासनाने केलेला जीर्णोद्धार पुरा होऊन देऊळ पुन्हा खुले झाले.

देवळापाशी भेटलेल्या पुजाऱ्यांनी गोकुळाष्टमीच्या जत्रेची हकीकत सांगितली. दिवाडीच्या मूळ तीर्थावर जाण्याची हिंदूंना मनाई होती, त्या काळात लोक या काठावर जमत, समोरच्या बेटाकडे तोंड करीत आणि मधल्या पाण्यात उतरून स्नान करीत. मनाई केव्हाच गेली. स्नान अजून चालू आहे. जुन्या गोव्याकडून निघावे, बेट पायी ओलांडून नार्व्यास यावे आणि परतताना डिचोलीवरून बसने पणजी गाठावी, हाच क्रम मी प्रत्येकाला सुचवीन. कारण उलट दिशेने गेल्यास देवाच्या वाटेने चालणे होत नाही. सगळा खर्च बसच्या भाड्याचा आणि वाटेत घेतलेल्या चहाचा.